पास झालीस, आता सही तुझी: नव्या सिस्टर-ब्रदरचे प्रश्न

निकाल लागले की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी अ‍ॅडमिशन, फी, होस्टेल असलं विचारतात, आणि निकालानंतर एकदम "मॅडम आता पुढं काय" सुरू होतं. माझं आयुष्य कोल्हापुरात आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या पोरापोरींना शिकवण्यात गेलं, त्यामुळं ही पत्रं वाचताना प्रत्येक जण ओळखीचा वाटतो. या वेळी सगळी जागा त्यांनाच देते. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार, जीएनएमचा (नर्सिंग डिप्लोमाचा) निकाल लागला, फर्स्ट क्लास आला, घरात सगळे खूश आहेत. आमच्या जवळच्याच एका दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात उद्यापासून ये, रजिस्ट्रेशन काय नंतर होतंय. बाबा पण म्हणतात घरी बसण्यापेक्षा जा. जाऊ का? आणि रजिस्ट्रेशनला परत एखादी परीक्षा असते का, मैत्रीण म्हणतीय अमेरिकेसारखी आपल्याकडं पण आलीय.
(कागल)

उत्तर: आधी अभिनंदन, आणि मग स्पष्ट सांगते, नर्स म्हणून आत्ता जाऊ नको. महाराष्ट्रात नर्सचं काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर लागतो, त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. तो नंबर नसताना तू इंजेक्शन दिलंस, सलाईन लावलंस आणि काही बरंवाईट झालं तर "डॉक्टरांनी सांगितलं होतं" या उत्तरानं तुझी सुटका होत नाही. डॉक्टर चांगले असतील, तुझ्या भल्यासाठीच बोलावत असतील, पण पोलिसांचा किंवा कौन्सिलचा कागद येईल तेव्हा त्यावर तुझं नाव असेल. घरी बसवत नसेल तर ट्रेनी म्हणून जा, तसं लेखी घे, आणि नंबर येईपर्यंत औषध देण्याची जबाबदारी एकटीनं घ्यायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

परीक्षेचं म्हणशील तर आपल्याकडं रजिस्ट्रेशनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. जीएनएमवाल्यांची बोर्डाची परीक्षा, बीएस्सीवाल्यांची नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, ती पास झाली आणि कॉलेज मान्यताप्राप्त असलं की कौन्सिलकडं अर्ज करता येतो. अमेरिकेत मात्र कॉलेज संपल्यावर एनक्लेक्स नावाची परीक्षा पास झाल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. तुझी मैत्रीण बहुतेक २०२३ च्या नव्या कायद्याबद्दल ऐकून बोलत असेल, १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नर्सिंग कमिशन आणायचा तो कायदा आहे, त्यातून पुढं नियम बदलू शकतात म्हणून कौन्सिलच्या सूचना वाचत राहायची सवय आत्तापासूनच लावून घे.

अर्ज कौन्सिलच्या स्वतःच्या वेबसाईटवरून ऑनलाईन करायचा, कागदांची यादी आणि फी तिथंच बघायची, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी यादी धरून बसायचं नाही. पोरींचं घोडं हमखास अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, मग अर्ज परत येतो आणि महिना जातो. आजच सगळे कागद टेबलावर पसर आणि अक्षर अन् अक्षर जुळवून बघ. "मुंबईला ओळख आहे, मी करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नको.

नंबर आला की नर्स आणि मिडवाईफ अशी दोन्ही नोंद नीट आलीय का बघ. ही नोंद दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीतल्या पुढच्या शिक्षणाचे, तास भरावे लागतात, म्हणून पहिल्या सेमिनारपासून सर्टिफिकेटं एका फाईलला लाव. शिवाय इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय रजिस्टरमधे नाव घालून एनयूआयडी, म्हणजे नर्सचा देशभराचा ओळख नंबर, काढून घे, बाहेरच्या राज्यात जायचं झालं की तो उपयोगी पडतो.

प्रश्न: मॅडम मी एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले, महिना होत आला आणि आता नाईट सुरू झाल्यात. चार पेशंट माझ्याकडं असतात, सीनिअर सिस्टर एकच आणि त्या पण कायम गडबडीत. काही विचारलं तर म्हणतात "कॉलेजात काय शिकलीस". डॉक्टरांना रात्री फोन केला तर ओरडतात. घरी आल्यावर झोप लागत नाही, सारखं वाटतं औषधाचा पंप चालू करायचा राहिला का, डोस दोनदा गेला का. कॉलेजमधे मी टॉपर होते हो. आता वाटतंय मला हे जमणारच नाही, सोडून द्यावं. आईला अजून सांगितलं नाही.
(राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, आईला आज सांग. नोकरी सोडणार आहे असं नको, दमलीय आणि घाबरलीय एवढंच सांग. हे एकटीनं गिळून बसायचं नाही.

दुसरी गोष्ट, डोस दोनदा गेला का या विचारानं जिची झोप उडते ती पोरगी नर्स होण्याच्या लायकीची आहे. मला काळजी वाटते ती आठवड्यात निर्धास्त होणाऱ्यांची. कॉलेजमधे तुला एक पेशंट मिळायचा आणि त्याच्यावर दहा पानांचा केअर प्लॅन लिहायला दोन दिवस मिळायचे, मागं मॅडम उभ्या असायच्या, तुझ्या प्रत्येक कागदाखाली दुसऱ्या कुणाचीतरी सही असायची. आता चार पेशंट आहेत, वेळ मिनिटांत आहे, आणि नर्सेस नोट्सखाली सही फक्त तुझी. एवढा मोठा बदल एका महिन्यात पचत नाही, कुणालाच पचत नाही. टॉपर पोरींना तर जास्त जड जातं, कारण त्यांना उत्तर देण्याची सवय असते, विचारण्याची नसते.

आणि सगळी मेख तिथंच आहे. सही तुझी आहे म्हणून विचारायचा हक्क पण तुझाच आहे. "कॉलेजात काय शिकलीस" असं म्हटलं तर शांतपणे म्हण, "सिस्टर, शिकलेय पण या पेशंटला पहिल्यांदा देतेय, एकदा बघा आणि मग देते." यात कमीपणा काही नाही. औषध कशासाठी चाललंय ते तुला कळलेलं नाही तर ते तुझ्या हातून जाणार नाही, हा एक नियम धर आणि कितीही गडबड असली तरी मोडू नको.

आता कामाचं बोलते. हॅन्डओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंटचा ताबा, काउंटरवर बसून घेऊ नको, बेडजवळ उभं राहून घे. पंपावरचा रेट स्वतःच्या डोळ्यानं बघ, बाटलीवरचं लेबल वाच, ड्रेन आणि युरिन बॅगचा आकडा बघ, मॉनिटरचे अलार्म कुणी बंद करून ठेवलेत का बघ, अ‍ॅलर्जी विचार, शेवटचा डोस किती वाजता गेला ते विचार, आणि हे सगळं आधीच्या ड्युटीची सिस्टर तिथं असतानाच, कारण ती केएमटीच्या बसमधे बसली की फोन उचलायची नाही. एका कागदाचे चार भाग कर, एका बेडला एक भाग, तासांप्रमाणे काय काय द्यायचंय ते लिही आणि दिलं की लगेच खूण कर. घरी गेल्यावर ते "राहिलं का" जे डोक्यात फिरतं ना, ते या कागदानं पुष्कळ कमी होतं, कारण तुला माहीत असतं की खूण केलीय. फक्त पेशंटचं नाव असलेला कागद घरी नेऊ नको, ड्युटी संपली की फाडून टाक.

चार्टवर दिल्यानंतरच लिही. आधी लिहून ठेवायचं आणि मग द्यायचं ही सवय अनेक ठिकाणी दिसेल, सीनिअर पण करतील. तू करू नको.

तीन औषधांपाशी जास्त थांब. इन्शुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या पण येतात आणि १०० युनिटच्या पण, सिरिंज पण वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलंस तर पेशंटला वीस नाही, पन्नास युनिट जातात. अडीच पट! पोटॅशियम क्लोराईडचं अँप्यूल कधीही थेट शिरेतून ढकलायचं नाही, ते डायल्यूट करूनच आणि हळूच जातं, थेट दिलं तर हृदय थांबतं. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) व्हायलवर एका एमएलमधे किती युनिट ते दर वेळी वाच, कारण दिसायला सारख्या व्हायलमधे वेगवेगळी ताकद येते. ही तिन्ही भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवून दे, ती कितीही गडबडीत असली तरी तेवढी दहा सेकंद मागून घे.

ड्रिपचं गणित पण पक्कं कर. ५०० एमएल चार तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांत एक एमएल देणारा, असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, तोच सेट १५ थेंबांचा असेल तर ३१. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, ते न वाचता अंदाजानं चाक फिरवणाऱ्या पुष्कळ आहेत.

डॉक्टरांच्या फोनचं सांगते. फोन लावायच्या आधी फाईल हातात घे, ताजं बीपी, पल्स, सॅच्युरेशन बघून घे, आणि मग एका दमात सांग. "सर, आयसीयूतून बोलतेय, बेड चार, ५८ वर्षांचे, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत्ता बीपी ८६ बाय ५० आहे, तासापूर्वी ११० होतं, पल्स १२४, दोन तासांत युरिन फक्त २० एमएल आणि ड्रेनला ताजं रक्त दिसतंय. मला वाटतंय आत ब्लीडिंग होतंय. तुम्ही येऊन बघा, तोपर्यंत काय सुरू करू?" असं सांगितल्यावर कुणी ओरडत नाही, उठून येतात. "सर, पेशंट बरा वाटत नाहीय" म्हटलं की ओरडतात, आणि रात्री तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काही कळत पण नाही. फोनवर ऑर्डर दिली तर औषधाचं नाव, डोस, कुठून द्यायचं हे परत वाचून दाखव, वेळ घालून लिहून ठेव आणि सकाळी सही घे. नाहीच आले, आणि पेशंट खाली चाललाय, तर परत कर, वरच्या डॉक्टरांना कर, आणि कितीला फोन केला ते नोट्समधे लिही. त्यांचा आवाज चढला तरी पेशंट तुझ्यापुढं आहे, त्यांच्यापुढं नाही.

चार पेशंटबद्दल मात्र चूक तुझी नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असं आहे, साध्या हॉस्पिटलच्या वॉर्डात सुद्धा पाचाला एक आणि टीचिंग हॉस्पिटलमधे तिनाला एक. आपल्याकडं हे कुठं किती पाळलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, पण नवीन पोरीच्या अंगावर व्हेंटिलेटरचे पेशंट एकटीनं टाकणं हे जिवाशी खेळणं आहे, पेशंटच्या पण आणि तिच्या पण. इन्चार्जना सांग, तोंडी नको, लिहून दे, दोन ओळी पुरेत: "मला व्हेंटिलेटरचा अनुभव नाही, सीनिअरबरोबर ड्युटी लावावी." त्याची एक प्रत स्वतःकडं ठेव.

नातेवाईकांचं पण एक असतं. आपल्याकडं एका पेशंटमागं अख्खी भावकी टेम्पोनं येते, आणि रात्री काही झालं की पहिला राग काउंटरवरच्या सिस्टरवर निघतो. वाद घालू नको, सिक्युरिटीला बोलव, आणि हे ध्यानात ठेव की महाराष्ट्रात दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्धचा २०१० चा कायदा नर्सला पण लागू आहे, दवाखान्यात हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सोडायचं का? एवढ्यात नको. सहा महिने बघ. पण तुला न केलेलं लिहायला लावलं, किंवा लेखी देऊनही एकटीवर व्हेंटिलेटर टाकत राहिले, तर ते हॉस्पिटल सोड. नर्सिंग सोडू नको.

प्रश्न: काल संध्याकाळी आयव्ही (सलाईनची सुई) काढताना सुई बोटात गेली. सीनिअर म्हणाल्या दाबून रक्त काढ, स्पिरिट लाव आणि कुणाला सांगू नको, उगं चौकशी लागते. पेशंटचा रिपोर्ट माहीत नाही. हे पत्र छापू नका पण उत्तर द्या.
(कोल्हापूर)

उत्तर: तिला उत्तर त्याच दिवशी फोनवर दिलं. इथं तिच्या परवानगीनं घेतेय, बाकीच्यांना उपयोगी पडावं म्हणून.

सुई टोचली की बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट-डेटॉल काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच इन्चार्जला सांगून रजिस्टरला नोंद करायची. पेशंटचं एचआयव्ही, कावीळ बी आणि सी तपासायला लावायचं, स्वतःचं पण रक्त त्याच दिवशी द्यायचं. एचआयव्हीच्या बचावाच्या गोळ्या लागल्या तर दोन तासांच्या आत सुरू झालेल्या उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. हॉस्पिटलमधे कुणी ऐकून घेत नसेल तर तडक सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात जायचं, तिथं एचआयव्हीच्या उपचारांचं एआरटी सेंटर आहे.

लपवून काय मिळतं? चौकशी लागते म्हणून जीव टांगणीला लावायचा का? कावीळ बीच्या (हिपॅटायटिस बी) लसीचे तीन डोस ज्यांचे झालेले नाहीत, म्हणजे आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी, त्यांनी कामावर रुजू व्हायच्या आधीच सुरू करावेत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी शिरोळ तालुक्यातून लिहितेय, माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली. एका हॉस्पिटलनं पगार अकरा हजार सांगितलाय, दोन वर्षांचा बाँड करा म्हणतात आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करायची. मधेच सोडलं तर पन्नास हजार भरायचे. हिचे बाबा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात, चार वर्षांची फी कर्ज काढून भरलीय. एवढं शिकून अकरा हजार? आणि रात्रपाळीचं पण भ्या वाटतंय.
(शिरोळ)

उत्तर: ताई, ओरिजिनल सर्टिफिकेट कुणालाही द्यायचं नाही. दाखवायचं, समोर बसून ताडून बघू द्यायचं, आणि अटेस्टेड झेरॉक्स देऊन घरी परत आणायचं. ती सर्टिफिकेटं मुलीची कमाई आहे आणि ती दुसऱ्याच्या कपाटात गेली की मुलीला ना सरकारी जागेला नीट अर्ज करता येतो ना दुसरीकडं जाता येतं, आणि नेमकं तेच त्यांना हवं असतं. बाँडच्या या पद्धतीविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलनं भूमिका घेतलेली आहे. कागदावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, घाईनं "आत्ताच करा नाहीतर जागा जाईल" म्हणत असतील तर ती जागा जाऊ द्या.

पगाराबद्दल तुमचा जीव जळतो ते खरंच आहे. २०१६ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर केंद्र सरकारनं कमिटी नेमली होती, तिनं खाजगी हॉस्पिटलच्या नर्सच्या पगारासाठी शिफारशी केल्या. दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, शंभर ते दोनशे बेडला त्याच्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या दवाखान्यात सुद्धा वीस हजारांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि ती काय झाली ते तुमच्या मुलीच्या अकरा हजारांत दिसतंय. मला याचा मनापासून राग आहे. चार वर्षं शिकलेली, जिच्या हातात आयसीयूतला पेशंट देता, तिला तुम्ही एवढं देता?

तरी आकडा माहीत असला की बोलता येतं. मुलीला म्हणावं, अपॉइंटमेंट लेटर माग, त्यात पगार, ड्युटीचे तास, आठवड्याची सुट्टी, नाईट किती, हे लिहून घे. पीएफ कापतात का, एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय (कामगार विमा) लागतो तो भरतात का, हे विचार. एकाच ठिकाणी अडकू नका, कोल्हापुरात आणि सांगली-मिरजेत मिळून हॉस्पिटलं पुष्कळ आहेत, चार ठिकाणी विचारा. पगारात हजार-दोन हजार कमी असले तरी जिथं नवीन पोरींना सीनिअरबरोबर ठेवून शिकवतात तिथं पहिलं वर्ष काढलेलं फायद्याचं, हे मी फक्त पहिल्या वर्षापुरतं म्हणतेय.

रात्रपाळीला शिरोळहून जा-ये करू देऊ नका. हॉस्पिटलचं होस्टेल असलं तर ते, नाहीतर दोघी-तिघी मिळून खोली घ्या. पावसाळ्यात तर तुम्हाला सांगायलाच नको, २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा चढली तेव्हा रस्ते बंद झाले आणि आत असलेल्या सिस्टर घरी न जाता ड्युटीवर ड्युटी करत राहिल्या. मुलीबरोबर एकदा हॉस्पिटल बघून या, रात्री सिक्युरिटी कुठं असते, नर्सना कपडे बदलायची खोली आहे का, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या समितीत कोण आहे याचा बोर्ड लावलाय का बघा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्यानं ती समिती असावीच लागते.

प्रश्न: मॅडम मी मुलगा आहे, जीएनएम केलं. वडील यंत्रमागावर काम करतात. गल्लीत चिडवतात, पाहुणे म्हणतात पोरगं सिस्टर झालं. लेडीज वॉर्डला ड्युटी लागली की पेशंट नको म्हणतात. पुढं काही स्कोप आहे का? एम्सच्या परीक्षेला बसता येतं का?
(इचलकरंजी)

उत्तर: पाहुण्यांना एकदा कॅज्युअल्टीत आणून उभं कर. अपघाताचा पेशंट आला, उचलायचंय, सांभाळायचंय, छाती दाबून सीपीआर द्यायचाय, तेव्हा सगळे "ब्रदर, ब्रदर" करून तुलाच हाका मारतात. कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, मानसिक आजाराचे वॉर्ड, इथं चांगला ब्रदर मिळाला की सोडत नाहीत.

लेडीज वॉर्डात पेशंट नको म्हणाली तर मनाला लावून घेऊ नको, तो तिचा अधिकार आहे. आधी नाव सांगून काय करणार ते सांग, विचार, आणि कॅथेटर, ड्रेसिंग असलं काही असलं की सिस्टरला किंवा मावशींना बरोबर घेतल्याशिवाय पडदा ओढू नको. यात तुझं पण संरक्षण आहे.

एम्सची परीक्षा म्हणजे नॉरसेट. बीएस्सीवाल्यांना थेट बसता येतं, जीएनएमवाल्यांना रजिस्ट्रेशननंतर कमीत कमी पन्नास बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून आत्ता नोकरी घेताना बेड किती ते विचारून घे, दहा बेडच्या दवाखान्यात दोन वर्षं काढलीस तर ती तिथं धरणार नाहीत. अनुभवाचं सर्टिफिकेट तारखांसकट आणि बेडच्या संख्येसकट घे. आणि ऐकून घे, नॉरसेटला ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत, त्यामुळं तुला मार्क जास्त काढावे लागतील. राज्याच्या अधिपरिचारिकेच्या (सरकारी स्टाफ नर्सच्या) जाहिराती पण बघत राहा, एकाच परीक्षेवर दोन वर्षं घालवू नको. जमलं तर पुढं पोस्ट बेसिक बीएस्सीचा (जीएनएमनंतरच्या पदवीचा) विचार कर, दोन वर्षांचा कोर्स आहे.

वडिलांना काय वाटतं ते तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज आहे त्यांना अभिमान वाटत असणार.

प्रश्न: एजंट म्हणतोय जर्मनीला सहा महिन्यांत पाठवतो, दीड लाख भरा, भाषा तिकडं गेल्यावर शिकता येते. खरं आहे का? अमेरिकेला काय लागतं?
(गडहिंग्लज)

उत्तर: पैसे भरू नको. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी२ या पातळीपर्यंत जर्मन लागतं, आणि शून्यापासून तिथं पोचायला मन लावून वर्षभर तरी जातं. भाषा नंतर बघू म्हणणारा माणूस तुला नंतर ओळखणार नाही. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः बघ, तो दाखवेल तो कागद धरू नको.

अमेरिकेला आधी तिथल्या एखाद्या राज्याच्या बोर्डाकडं अर्ज, तुझ्या शिक्षणाची पडताळणी, मग एनक्लेक्स. ती कॉम्प्युटरवर पाच तासांची असते, प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०, आणि तू जशी उत्तरं देशील तसा पुढचा प्रश्न अवघड-सोपा होत जातो. पाठांतर तिथं चालत नाही, "या चौघांपैकी आधी कुणाकडं जाशील" असं विचारतात. ते उत्तर वॉर्डात दोन वर्षं उभं राहिलेल्या नर्सला सुचतं. आखातात जायचं तर कागदांची डेटाफ्लो तपासणी (सर्टिफिकेटं खरी आहेत का ते बघणारी) आणि त्या त्या देशाची परीक्षा. कुठंही गेलीस तरी इथलं रजिस्ट्रेशन चालू पाहिजे, कौन्सिलकडून तसं पत्र मागतात, तेव्हा रिन्यूअल चुकवू नको.

प्रश्न: मॅडम एक तारखेपासून जॉईन होतेय, मेडिसिन वॉर्ड. पहिल्या दिवशी बरोबर काय काय ठेवू?
(कसबा बावडा)

उत्तर: सेकंदकाटा असलेलं घड्याळ, थेंब आणि श्वास मोजायला, मोबाईलवर मोजू नको. दोन निळी पेनं आणि एक लाल. खिशात मावेल अशी वही. छोटी कात्री, मार्कर, टॉर्च. केस वर बांध, नखं काप, अंगठ्या-बांगड्या घरी ठेव. पायात बंद आणि मऊ बूट घे, पैसे खर्च करायचेच तर त्याच्यावर कर. डबा आणि पाण्याची बाटली आठवणीनं, पहिल्या दिवशी पोरी पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते.

रजिस्ट्रेशनची झेरॉक्स आणि लसीचं कार्ड पिशवीत असू दे. अर्धा तास आधी जा, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कुठं आहे, ऑक्सिजन कुठून चालू होतो, सक्शन चालतं का, हे कुणाला तरी विचारून स्वतः हात लावून बघ. वॉर्डातल्या मावशींशी आणि मामांशी नावानं ओळख करून घे, कुठला पेशंट रात्री उठून चालायला लागतो आणि कुठल्याचा मुलगा दारू पिऊन येतो हे त्यांना फाईलपेक्षा जास्त माहीत असतं. मग पहिल्या बेडपासून सुरू कर, पेशंटला आपलं नाव सांग, त्याचं विचार आणि हातातल्या पट्टीवरच्या नावाशी जुळवून बघ.